घोडीचं दूध, मचूळ तळं आणि माळकरी आई : किर्गिझस्तानचे नऊ दिवस

किर्गिझस्तानला चाललोय म्हटलं की नाशकात समोरून एकच प्रश्न येतो, "कोणाला टाकलंय एमबीबीएसला?" कोणालाच नाही, आमचे चिरंजीव अजून सातवीत आहेत, नुसतं डोंगर आणि तळी बघायला चाललोय, हे लोकांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यात सोबत आई. वय ६७, गळ्यात माळ, अंडंसुद्धा चालत नाही, आणि जायचं तिथे लोक घोडा खातात. नवरा म्हणाला आईंना हे आत्ताच सांगायला नको. मी सांगून टाकलं. ती म्हणाली, "ते खातात ना, मला थोडंच भरवणारेत."

तर २०२४ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा, गणपतीच्या आत परत यायचं या अटीवर. व्हिसा ऑनलाइन झाला, दिल्लीहून थेट विमान मिळालं, साडेतीन तासांत पोचलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. देश महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश आणि माणसं जेमतेम सत्तर लाख, कारण बाकी सगळे डोंगरच. घड्याळ फक्त अर्धा तास पुढे करायचं, त्यामुळे आईचं हरिपाठाचं वेळापत्रक बिघडलं नाही.

दिवस पहिला : बिश्केक

तिकिटावर राजधानी बिश्केकच्या जागी एफआरयू असं काहीतरी लिहिलेलं होतं, मला वाटलं चुकीचं बुकिंग झालं की काय. सोव्हिएत काळात या शहराचं नाव फ्रुन्झे होतं, १९९१ मध्ये ते बदललं पण विमानतळाचा कोड आम्ही गेलो तेव्हाही तसाच होता. आणि बिश्केक म्हणजे काय, तर घोडीचं दूध घुसळायचा लाकडी दांडा. निदान तिथले लोक तरी असंच सांगतात. हे आईला सांगितल्यावर ती दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, "म्हणजे गावाचं नाव रवी?" तिला ते इतकं आवडलं की पुढचे नऊ दिवस ती बिश्केकला रवीच म्हणत होती.

शहर रुंद रस्त्यांचं, झाडांचं, थोडं उदास. मोठ्या चौकातला लेनिन काढून म्युझियमच्या मागे नेऊन उभा केलाय, तो अजून हात वर करून कोणाला तरी काहीतरी समजावतोय. संध्याकाळी एका इंडियन मेसमध्ये जेवायला गेलो तर शेजारच्या टेबलावर चक्क "आरं पोळी घे की" ऐकू आलं. लातूरकडचा मुलगा, चौथ्या वर्षाला. आईने लगेच त्याची सगळी चौकशी केली, गाव कोणतं, शेती किती, थंडीत काय करतोस. त्याच वर्षी मे महिन्यात इथे जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले होते, तेव्हाचं विचारलं तर म्हणाला, आता शांत आहे ताई, पण तेव्हापासून घरी रोज रात्री व्हिडिओ कॉल करावाच लागतो, नाहीतर मम्मी झोपत नाही. आईने पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची अख्खी पुडी काढून त्याला दिली. पहिल्याच दिवशी! नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण चटणीवर त्याचाही डोळा होता.

(पैशांचं : एक सोम म्हणजे साधारण एक रुपया, त्यामुळे डोक्यात गुणाकार करायला लागत नाही, हे सुख परदेशात फार कमी मिळतं. सिमकार्ड आणि रोख रक्कम दोन्ही शहरातच घ्या. वर डोंगरात कार्ड कोणी विचारत नाही.)

दिवस दुसरा : बुराना आणि कोचकोर

नऊ दिवसांसाठी एक गाडी ड्रायव्हरसकट ठरवली होती. चाळिशी पार केलेला, कोचकोरचा, मोडकंतोडकं इंग्रजी. आम्ही त्याला काय म्हणायचं विचारलं तर म्हणाला "बायके". आई मागच्या सीटवरून, "ह्याची बायको कुठेय यात?" बायके म्हणजे मोठा दादा. आणि तो आईला आपा म्हणायला लागला, आपा म्हणजे आई. नाही म्हणायला "जोक". सिग्नल आहे का? जोक. टॉयलेट? जोक. नवऱ्याने या एका शब्दावर नऊ दिवस जे विनोद केले ते इथे देत नाही.

बुराना बिश्केकपासून दीडेक तासावर. बालासागुन नावाचं काराखानी या जुन्या तुर्की राजवटीचं मोठं शहर होतं इथे, त्यातला अकराव्या शतकातला मिनार तेवढा शिल्लक आहे. मूळ उंची ४५ मीटरच्या आसपास, भूकंपांनी वरचा भाग पाडला, आता २४-२५ मीटर. आतून जिना काळोखा आणि इतका अरुंद की उतरणारा माणूस समोर आला की दोघांनी एकमेकांची ओळखच करून घ्यावी. आई वर आली नाही, ती शेजारच्या गवतात उभ्या केलेल्या दगडांकडे गेली. कोरलेले चेहरे, मिशा, हातात पेला धरलेली माणसं. बाल्बाल म्हणतात त्यांना, मेलेल्या माणसांच्या आठवणीचे दगड. आमच्या गावाबाहेर वेशीजवळ वीरगळ आहेत ना तसेच. ती एकेकाला हात लावून पुढे जात होती. माझं लक्ष मात्र मागच्या तिएन शानच्या डोंगरांवर, ऑगस्टमध्येही वर पांढरं.

रात्री कोचकोरला एका घरात मुक्काम. इथे पहिल्यांदा चहाचा घोळ झाला. घरातली बाई पियाला अर्धाच भरून द्यायची. तळाशी दोन घोट. आई मराठीत पुटपुटली, "दूध महाग असेल इकडे." बायकेला कळलं काहीतरी बिनसलंय, त्याने समजावलं : अर्धा कप म्हणजे तुम्ही बसा, मी परत परत भरत राहीन, चहा गरम मिळेल. काठोकाठ भरून दिला तर समजायचं की आता निघा. आई खजील झाली आणि मग सहा पियाले प्यायली.

दिवस तिसरा : सोंग-कुलला चढलो आणि तंबू गेला

कुल म्हणजे तळं. सोंग-कुल ३०१६ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. कोचकोरहून तीनेक तास, मध्ये ३४४६ मीटरची कालमाक-आशू खिंड. खिंडीत गाडीतून उतरलो तर वारा असा की नवऱ्याची टोपी गेली ती गेलीच. आणि मग रस्ता खाली वळतो आणि एकदम समोर ते तळं. झाड एकही नाही. खरंच एकही नाही, झुडूपसुद्धा नाही. गवत, पाणी, ढग, आणि लांबवर पांढरे ठिपके ते युर्ट, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, तपकिरी ठिपके ते घोडे.

बुकिंग जिथे केलं होतं तिथे पोचलो तर आमचा युर्ट एका मोठ्या ग्रुपला देऊन झालेला. पैसे परत देतो म्हणाले, पण तीन हजार मीटरवर संध्याकाळी पाच वाजता पैसे घेऊन काय करू, ओढून घेऊ अंगावर? मी भांडायला लागले, इंग्रजीत सुरू केलं आणि मराठीत संपवलं. बायकेने मात्र काही न बोलता गाडी काढली आणि तळ्याच्या काठाने अर्धा तास पुढे एका मेंढपाळ कुटुंबाकडे नेऊन घातली. टूरिस्ट कॅम्प नाही. एक म्हातारी, तिचा मुलगा, सून, दोन पोरं, तीन युर्ट, आणि अगणित मेंढ्या. एक युर्ट झटपट रिकामा करून दिला. जेवणासकट माणशी दोन हजार सोम. ते पहिलं बुकिंग हुकलं याबद्दल मी आता कोणाचेही आभार मानायला तयार आहे.

युर्टच्या आत एका भिंतीला गोधड्यांची चवड. वळकट्या करून, संदुकीवर, छतापर्यंत. आई बघतच राहिली. तुकडे जोडून शिवलेल्या, त्या जोडकामाला तिथे कुराक म्हणतात, तीच आपली ठिगळं लावलेली पद्धत, फक्त त्रिकोण जास्त. संदुकीलाही ते सांदिक म्हणतात. मग सुनेने शेगडी पेटवली आणि पेटवायला बाहेरून काय आणलं, तर गोवऱ्या. तेझेक. झाडंच नाहीत तर सरपण कुठलं. वास आला आणि आई म्हणाली, "हा तर आमच्या चुलीचा वास." ती संगमनेर तालुक्यातली, लग्न होईपर्यंत रोज शेण थापलेलं. तिने एक गोवरी उचलून उलटी करून बघितली, म्हणाली थापलेली नाही, नुसती कापलेली दिसते, आपल्या गोल असतात. जाणकार!

म्हातारीला सगळे चोंग आपा म्हणायचे, म्हणजे आजी. ती आणि आई एकमेकींशी आपापल्या भाषेत जे बोलायला लागल्या ते थांबेनाच. मी ट्रान्सलेटर काढला तर नेट जोक. त्यांना गरजही नव्हती.

रात्री नवऱ्याचं डोकं जे दुखायला लागलं, उलटी, सगळं. आपण सह्याद्रीत ट्रेक करतो या गर्वाचं घर खाली. आई ठणठणीत. तिला वर छतात गोल लाकडी चौकट दिसत होती, मध्ये एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्या, तुंदुक म्हणतात, धूर तिथून जातो. झेंड्यावर जे आहे ते हेच. मध्यरात्री बाहेर जावं लागलं (टॉयलेट पन्नास पावलांवर, पत्र्याचं खोपटं), वर बघितलं, आणि मी टॉर्च बंद करून तशीच उभी राहिले. आकाशगंगेचा पट्टा इतका दाट की आधी ढग वाटला. थंडीने दात वाजत होते.

दिवस चौथा : एकादशी

आणि नेमकी एकादशी. मी मनात म्हटलं, झालं. पण उलटंच. सकाळी न्याहारीला दाट साय, कायमाक म्हणतात तिला, रासबेरीचा जॅम, दूध. सगळं उपासाचं. बटाटे आईने स्वतः उकडायला घेतले आणि ते शिजता शिजेनात, कारण एवढ्या उंचीवर पाणी नव्वद अंशालाच उकळतं. तासाभराने वैतागून म्हणाली, "देवाला कळत असणार मी प्रयत्न केला ते."

मग घोडीचं दूध काढताना बघितलं. सून आणि तिचा मोठा मुलगा. तो आधी शिंगराला आणतो, घोडीला लावतो, शिंगरू दोन घोट पितं, पान्हा सुटला की त्याला बाजूला ओढून तिथेच मानेजवळ धरून ठेवायचं म्हणजे घोडीला वाटतं अजून तेच पितंय, आणि सून एका गुडघ्यावर बसून हात घोडीच्या मागच्या पायाखालून घालून भराभर धार काढते. दूध निघतं थोडंसंच, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा हेच. आई म्हणाली गायीचं वासरू मेलं की आम्ही भोत, म्हणजे पेंढा भरलेलं कातडं, दाखवायचो, त्यापेक्षा हे बरं.

ते दूध चामड्याच्या मोठ्या पिशवीत ओततात, आतून धुरी दिलेल्या, आणि घुसळतात. तो दांडा म्हणजे बिश्केक. आईने तो हातात घेतला. आपल्या रवीसारखा दोरीने फिरवायचा नाही, वरखाली करायचा, उखळात मुसळ घालतात तसं. चोंग आपाने तिचा हात धरून दोनदा दाखवलं, मग आईने जी लय पकडली ती पंधरा मिनिटं सोडली नाही. सगळी पोरं बघायला जमली. शेवटी चोंग आपाने वाडगा भरून पुढे केला. आई हसून हात जोडून, "घुसळीन, पिणार नाही." एकादशी आहे हे कारण पुढे केलं, पण एरवीही प्यायली नसती. मी प्यायले. कुमिस. आंबट, धुरकट, जिभेवर सोड्यासारखं चुरचुरतं, ताकात सिगारेट विझवल्यासारखं काहीतरी. दुसऱ्या घोटाला आवडलं. थोडी नशा असते त्याला, आईला सांगितलं नाही.

निघताना चोंग आपाने आईच्या हातात कुरुत दिले, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, दगडासारख्या टणक आणि खारट. आईने तिला कुंकवाचा करंडा दिला. तिने उघडून वास घेतला.

शाकाहारी मंडळींसाठी इथेच लिहून ठेवते. "एत जोक" म्हणजे मांस नाही, हे पाठ करून जा, पण तेवढ्याने भागत नाही. सूपमधून मटणाचे तुकडे काढले की ते त्यांच्या हिशोबाने शाकाहारी. बोर्सोक म्हणजे बिनसाखरेच्या फुगलेल्या शंकरपाळ्या, सगळीकडे मिळतात, पण तळलेत तेलात की चरबीत हे विचारा. भाकरीसारखे मोठे नान, काकडी-टोमॅटो, बटाटे, साय, जॅम, फळं यावर आई नऊ दिवस आरामात राहिली, अधूनमधून भाजणीचं थालीपीठ. आणि सोंग-कुलला जायच्या आधी एक रात्र कोचकोरला राहूनसुद्धा नवऱ्याची ती गत झाली, तेव्हा पाणी भरपूर प्या आणि पहिल्या दिवशी मस्ती करू नका. ऑगस्ट असला तरी लोकरीचे मोजे, कानटोपी न्याच.

दिवस पाचवा : इसिक-कुल

खाली उतरलो, नवरा माणसात आला. दुपारनंतर इसिक-कुलचा दक्षिण किनारा. नकाशावर तळं दिसतं, प्रत्यक्षात समुद्र आहे. साधारण १८० किलोमीटर लांब, ६६८ मीटर खोल, १६०७ मीटर उंचीवर, डोंगरातल्या तळ्यांत याच्याहून मोठं फक्त दक्षिण अमेरिकेतलं टिटिकाका. शंभरावर ओढे-नद्या येऊन मिळतात आणि बाहेर एकही जात नाही, पाणी फक्त वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. नावाचा अर्थ गरम तळं, कारण कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. मी हे सगळं वाचून दाखवत होते तोवर आईने साडी जरा वर खोचून पाण्यात पाय घातले, ओंजळभर तोंडात घेतलं, थुंकलं, म्हणाली, "खारट नाही. मचूळ आहे." नंतर शोधलं तर समुद्राच्या साधारण एक षष्ठांश खारेपणा. मचूळ हा एवढा नेमका शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पलीकडच्या तीरावर बर्फाचे डोंगर, मागे वळलं तर इकडेही बर्फाचे डोंगर, आणि मध्ये आम्ही जर्दाळू खात.

दिवस सहावा : स्काझ्का, जेती-ओगुझ, स्वातंत्र्यदिन

स्काझ्का म्हणजे परीकथा, लाल-पिवळ्या मातीची झिजलेली दरी, सकाळी लवकर जा, दहानंतर सेल्फीवाले. जेती-ओगुझ म्हणजे सात बैल, लालभडक दगडी सुळके ओळीत बसलेले. मला सातापेक्षा जास्त मोजता आले. आई म्हणाली बैल मोजताना वशिंड बघायचं.

३१ ऑगस्ट म्हणजे त्यांचा स्वातंत्र्यदिन, १९९१ चा. गावोगावी झेंडे. त्यात गंमत, दोन प्रकारचे. जुन्या झेंड्यावर सूर्याची किरणं नागमोडी, नव्यावर सरळ, २०२३ च्या डिसेंबरात बदल केला कारण काहींच्या मते जुना सूर्य सूर्यफुलासारखा दिसायचा, वारा फिरेल तिकडे तोंड करणारा. बायकेच्या आरशाला जुनाच लटकत होता. का बदलला नाहीस विचारलं तर खांदे उडवून म्हणाला, गाडी जुनी, झेंडा जुना, ड्रायव्हर जुना.

दिवस सातवा : काराकोलचा बाजार

रविवारी पहाटे काराकोलला जनावरांचा बाजार भरतो आणि दहापर्यंत उठतो. साडेसहाला पोचलो तर चिखल, वाफा, हंबरणं. डिकीत दोन मेंढ्या कोंबलेल्या लाडा गाड्या, मागच्या सीटवर बसून काचेतून बाहेर बघणारा बोकड. मेंढ्यांची शेपटी पाहिलीत तर हसाल, मागे उशी बांधल्यासारखी चरबीची. सौदा करताना दोघं हात हातात घेऊन हलवत राहतात, तिसरा मध्ये पडून हात सुटू देत नाही. आपल्याकडे रुमालाखाली बोटं धरतात, इथे उघड्यावर.

आई एका बैलापाशी थांबली. म्हणाली, "आज खांदेमळणी. उद्या पोळा." खरंच की, माझ्या लक्षातही नव्हतं. तिने पर्समधून काय काढलं असेल? सुंठवडा नाही, हळद. बैलाच्या खांद्याला लावली. मालक, चांगला सहा फुटी, आधी दचकला, मग बायकेने काहीतरी सांगितल्यावर त्याने दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली फिरवले, ते आशीर्वाद घेताना करतात तसे. तो बैल कत्तलीसाठी विकायला आणलाय हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आईलाही. ती परत येईपर्यंत गप्प होती.

दुपारी आश्लान-फू. चीनमधून आलेल्या दुंगान मुसलमानांचा पदार्थ, काराकोलच्या बाजारात त्याची अख्खी गल्ली आहे. थंड, तिखट, व्हिनेगरचं आंबट सूप, त्यात शेवया आणि स्टार्चच्या लिबलिबीत पट्ट्या. हँगओव्हरवरचा अक्सीर उपाय म्हणे. त्यात अंडं असतं म्हणून आईने सोबतची बटाटा भरलेली तळलेली पिरोश्की खाल्ली, तीन. नवरा चार वाडगे. त्याच दुंगान लोकांची मशीद गावात आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, लाकडी, पॅगोडासारखं छप्पर, खिळे न वापरता बांधलेली. बघाच. वरचं अला-कुल तळं आमचं राहिलं, त्याला दोन-तीन दिवस चालायला लागतं आणि गुडघे आमच्या आवाक्यातले नव्हते. आईचे होते.

दिवस आठवा आणि नववा

उत्तर किनारा म्हणजे हॉटेलं, वॉटर स्कूटर, गाण्यांचा धिंगाणा. चोल्पोन-अता गावाबाहेर माळभर पसरलेल्या दगडांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेले लांब वळणदार शिंगांचे बोकड आहेत, तेवढे बघितले आणि निघालो. माझं मत विचाराल तर दिवस कमी असतील तर उत्तर किनारा खुशाल सोडा आणि तो दिवस सोंग-कुलला द्या.

बिश्केकच्या ओश बाजारात आईने दोन गोष्टी घेतल्या, निळे-पांढरे सहा पियाले आणि एक लहान शिर्दाक, नमद्याचं रंगीत जाजम. शिर्दाक नुसतं घडी घालून साडेतीन किलो भरलं, त्यासाठी नवऱ्याचे बूट त्याला पायात घालून यावं लागलं आणि चपला टाकून द्याव्या लागल्या. विमानतळावर बायकेने आईला वाकून निरोप दिला. ती म्हणाली, "ये रे नाशकाला." तो म्हणाला, "जाक्शी, आपा." म्हणजे बरं.

आता घरी चहा पियाल्यातून असतो. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, त्यांचं ते नेहमीचं, सून, पाणी, सोसायटीची मीटिंग, पाऊण तास झाला. आई आत गेली आणि त्यांचा पियाला काठोकाठ भरून घेऊन आली. काकू म्हणाल्या, "अगं बाई, केवढा दिलात!" आणि सावकाश मांडी घालून बसल्या.